हात जाईल एवढं तोंड

अण्णांनी पिशवीतून वर्तमानपत्राची सुरळी काढली, तिचा दोरा दातानं तोडला, आणि आतून जे निघालं ते आधी मला एखादं फूलच वाटलं. पिळलेल्या तारेचा लांब दांडा, त्याच्याभोवती गोल गोल पांढरे ताठ केस आणि अगदी टोकाला लाल केसांचा झुबका. रहिमतपुरात अशी वस्तू तोवर मी पाहिली नव्हती.

"हा ब्रश," अण्णा म्हणाले. "अरुंद तोंडाच्या भांड्यात घालायचा, फिरवायचा, काढायचा. झालं. हात घालायला नको."

ते माझ्याशी बोलत नव्हते, मामीशी बोलत होते. मामी परसदारच्या फरशीवर पाय पसरून बसली होती. पुढ्यात भिजवलेल्या चिंचेचं घमेलं, बाजूला राखेचा डबा, आणि भोवती आदल्या दिवशीच्या लग्नातून परत आलेले तांबे, कोण उभे, कोण आडवे, पंगत उठल्यावर पाहुणे लवंडतात तसे. तिनं ब्रशकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि चिंच कुस्करत म्हणाली, "बसा की दाजी. च्या टाकते."

"चहा होईल, वहिनी. आधी हे बघा."

मी दाराच्या चौकटीत उभी होते. आत माझी पत्र्याची पेटी भरून तयार होती. ती तुळशीच्या लग्नापासून तयार होती. आता वैशाख लागला होता. मधल्या काळात काही कपडे मला आखूड झाले, ते काढून पुन्हा घड्या घातल्या होत्या.

माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. अण्णा पुण्याला कारखान्यात होते. आधी त्यांच्याकडं खोली नव्हती, मग पाळी रात्रीची होती, मग त्यांनी दुसरं लग्न केलं. दर खेपेला म्हणायचे, बस्तान बसलं की पोरीला नेतो. बस्तान म्हणजे काहीतरी मोठं, हट्टी जनावर असावं आणि ते पुण्यात अण्णांच्या खोलीत नुसतं उभंच असावं, बसतच नसावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तोवर मी मामाकडं.

मामा जातीचा तांबट. स्टील आलं तसं त्याचं ठोकणं थांबलं, आणि घरात पडून असलेली पितळी भांडी तो लग्नाकार्याला भाड्यानं द्यायला लागला. पातेली, घंगाळी, पराती, पंगतीत पाणी वाढायचे तांबे. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी 'वेळापुरे' असं कोरलेलं. मामीच्या दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. घरात मामा, मामी, मी आणि भांडी. मामा फारसा बोलायचा नाही. मामी बोलायची, पण ते सगळं कामाचं. "हात चालव, महाराणी." "राख संपली का डोळं संपलं?" तिनं मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. मारल्याचंही आठवत नाही. तिच्या दृष्टीनं मी एक भांडं होते, नीट उपडं घालून ठेवायचं, पोचा येऊ द्यायचा नाही.

तांबे घासायचं काम माझ्याकडं कसं आलं ते मात्र नीट आठवतं. मी नवीन होते. मामी काठीला चिंधी बांधून तांब्यात खुपसत होती आणि आत अडकलेली सुपारी काही निघत नव्हती. तिचे हात मोठे, बोटांचे सांधे सुजलेले. मी न विचारता हात आत घातला आणि सुपारी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं सुपारीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. म्हणाली, "हात बरा हाय तुझा." पुढच्या सगळ्या वर्षांत तिच्याकडून एवढीच स्तुती मिळाली. मी ती पुरवून पुरवून वापरली.

लग्नातून आलेल्या तांब्यात काय काय सापडायचं. अक्षता, विड्याची पानं, कुणाच्या तरी बाळाचं टोपडं. एकदा एका म्हाताऱ्याची कवळी निघाली, ती मामीनं धुऊन, पुडी बांधून वरपक्षाकडं पोचती केली. पण खरं काम ते नव्हे. पंगतीत मठ्ठाही त्याच तांब्यांतून वाढायचे, आणि मठ्ठा आत राहिला की पितळ कळकतं. तांब्याचा गळा संपतो आणि पोट सुरू होतं तिथं आतून एक वळण असतं. मामी त्याला तांब्याची काख म्हणायची. बाकी सगळं आरशासारखं असलं तरी काखेत हिरवटकाळं धरतं. काठी तिथं पोचत नाही. बोटच वाकवावं लागतं. मी डोळे मिटून, बोट वाकवून त्या काखेतून फिरवायचे. आत गार असायचं. शाळेतून आल्यावर सगळी दुपार मी अशी कुठल्यातरी तांब्यात हात घालून बसलेली. त्या हाताशी कुणीतरी आतून बोलतंय असा खेळ मी खेळायचे. बाहेरून बोलायला कुणी नव्हतंच.

तुळशीच्या लग्नाला अण्णा आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट विचारलं होतं, आता नेऊ का हिला? मामी म्हणाली, लग्नसराई तोंडावर आलीया, हिच्या हाताबिगर माझं अडतं. अण्णा म्हणाले, बरं, उन्हाळ्यात बघू. मी त्याच दिवशी पेटी भरली आणि मामीशी मनातल्या मनात अबोला धरला. तो बाहेर कळण्यासारखा नव्हता, कारण आम्ही एरवीही काय बोलत होतो.

आणि मग माघात एक दिवस माझा हात तांब्यात अडकला.

गेला, पण येईना. अंगठ्याचा सांधा गळ्यात रुतून बसला. मी ओढलं, पिळलं, रडले. मामी आली. तिनं गळ्यात गोडं तेल सोडलं, माझा अंगठा आतल्या आत तळहातावर दाबायला लावला आणि तांब्या हळूहळू फिरवत हात सोडवला. कातडं निघालं होतं, त्यावर चिंचेचं पाणी, आग आग झाली. मामीनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ हाताकडं बघत राहिली. बाजारात दुधी निवडताना बघायची तशी. मला भीती वाटली. हात जाईना झाला तर मी इथं कशाला, हे मलाही कळत होतं. आणि अण्णांचं बस्तान तर अजून उभं होतं.

"कुणाला बोलू नको," मामी म्हणाली.

दोन-तीन दिवस तिनं मला तांबे दिलेच नाहीत. मागच्या पडवीतून मामाच्या ठोकण्याचा आवाज येत होता. कितीतरी दिवसांनी त्यानं हातोडा काढला होता. पोचे काढतोय, म्हणाला. मग तांबे कल्हईवाल्याकडं जाऊन आले, आतून चांदीसारखे झाले. मामीनं एक तांब्या माझ्यापुढं सरकवला. मी जीव मुठीत धरून हात घातला. सुळकन गेला. सुळकन आला.

"बघ," मामी म्हणाली, "वाळलीस. धड खात न्हाईस." आणि त्या रात्रीपासून माझ्या ताटात भाकरी जास्त पडायला लागली. जिचा हात वाळण्यात मामीचा फायदा, तिलाच ती खायला का घालतेय, असा प्रश्न मला पडला नाही. भाकरी समोर आली की मला प्रश्न पडत नसत.

त्या वर्षी भांडी नेणाऱ्यांची एक नवीच तक्रार सुरू झाली. माळवाडीच्या लग्नाहून भांडी परत करायला आलेला माणूस मामीला म्हणाला, "काकू, औंदा तुमच्या तांब्यातलं पाणी पेल्यात कमी आन पानात जास्त. नवरदेवाच्या मामाची जिलबी पवायला लागली."

"वाढपी उपाशी आसंल," मामी म्हणाली. "हात थरथरला त्याचा. आधी त्याला जेवाय घालायचं."

मामा भांडी मोजत होता. त्यानं मान वर केली नाही.

तर आता वैशाखातल्या त्या सकाळी अण्णा ब्रश धरून उभे होते, आणि बोलत होते फार समजुतीनं. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, हिच्या हाताशिवाय अडतं. बरोबर आहे तुमचं. म्हणून मी सोयच घेऊन आलोय."

माझ्या मनात काय झालं ते सांगता येणार नाही. पुण्यासारख्या शहरात, कारखाना सुटल्यावर, अण्णा दुकानामागून दुकान फिरले असतील. माझ्या मुलीचा हात भांड्यातून सोडवायचाय, असं काही आहे का तुमच्याकडं? आणि एका दुकानदारानं वरच्या फळीवरून हे काढून दिलं असेल. मला ते दुकानसुद्धा दिसलं.

मामीनं पदराला हात पुसला आणि ब्रश घेतला. अंगठ्यानं त्याचे केस वाकवून पाहिले. मग नाकाशी नेला. ती तिची सवयच होती, घरात येणारी प्रत्येक वस्तू ती हुंगायची, नवं लुगडंसुद्धा. पण तो ब्रश तिनं एकदा हुंगला, थांबली, आणि पुन्हा हुंगला. मग अण्णांकडं पाहिलं. अण्णा वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"नवा घेतला?"

"नवाच म्हणायचा. घरात होता."

"घरी समदं बरं?"

"बरं आहे."

"कामाला बाई हाय?"

"पुण्यात बाई ठेवणं परवडतं का, वहिनी?"

मामीनं ब्रश खाली ठेवला. "हिला तिकडं आठवीला घालणार न्हवं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले. "बघू. पहिलं एक वर्ष घरात रमू दे."

घरात रमू दे. मी ते शब्द आत जपून ठेवले. कुणी मला कधी रमायला सांगितलं नव्हतं.

मामीनं दोन्ही हात पुन्हा चिंचेच्या घमेल्यात घातले, मनगटापर्यंत. "दाखवा मग फिरवून," ती म्हणाली.

एवढ्यात मामा बाहेरून आला. त्यानं अण्णांना रामराम घातला आणि भिंतीशी उकिडवा बसला. अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. एक कळकलेला तांब्या घेतला, त्यात राख आणि चिंचेचं पाणी घातलं आणि ब्रश खुपसून गोल गोल फिरवला. खळखळ आवाज झाला, फेस आला, काळं पाणी बाहेर आलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अण्णांनी तांब्या विसळला आणि उन्हात धरला. आतून लखलखत होता.

"बघा."

"निमा," मामी घमेल्यातून हात न काढता म्हणाली, "हात घाल."

मी पुढं झाले. तांब्या घेतला, हात आत घातला. तळाशी गुळगुळीत. पोटाला गुळगुळीत. मग मी बोट वाकवलं आणि काखेत नेलं, पण टेकवलं नाही. हवेतच फिरवलं. ते कसं आहे हे मला माहीतच करून घ्यायचं नव्हतं.

"कसं आहे?" अण्णांनी विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले.

मामी म्हणाली, "नीट फिरीव."

तिच्या आवाजात दटावणी नव्हती, म्हणून असेल, मी फिरवलं. बोट बाहेर काढायच्या आधीच मला कळलं होतं. बुळबुळीत थर होता. बाहेर आलं ते बोट हिरवटकाळं.

"सरळ जातो, सरळ येतो," मामी म्हणाली. "काखंत वळत न्हाई. त्याला बोटं न्हाईत."

अण्णांनी पुन्हा फिरवला. जोरात फिरवला, तार वाकली, लाल झुबका एका बाजूला कलला. मी पुन्हा हात घातला. पुन्हा तेच. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दया आली आणि मामीचा इतका राग आला की कानशिलं तापली. एवढ्याशा काळ्यासाठी. कुणी बघायला जातं का तांब्याच्या काखेत?

मामा हळूच म्हणाला, "दाजी, सराई सरू द्या. मग बघू."

"मग न्हाई," मामी म्हणाली. "मला पोरगी लागती. सराईला लागती, सणाला लागती, वरीसभर लागती. हिच्याबिगर माझं चालत न्हाई."

अण्णा उठून उभे राहिले. बाह्या खाली केल्या. "म्हणजे माझी मुलगी तुम्ही भांडी घासायला ठेवलीय म्हणा की."

मामानं मामीकडं पाहिलं. मामीनं घमेल्यातली चिंच कुस्करली, चोथा पिळून बाजूला टाकला.

"तसं म्हणा," ती म्हणाली.

अण्णांनी चहा घेतला. तो न घेता जाण्याइतके ते रागावले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ब्रश त्यांनी परत नेला नाही. असू दे, म्हणाले, कशाला तरी उपयोगी पडेल. मी स्टॅंडवर त्यांच्याबरोबर गेले. एसटी लागली, त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण ती पलीकडच्या बाजूची होती. धूळ बसेपर्यंत मी उभी राहिले, मग थोडा वेळ आणखी.

घरी येऊन मी पेटी उपसली आणि ब्रश उशाखाली घेतला. वाकलेली तार सरळ केली. झोपताना मी तो हुंगायचे. साबणाचा वास होता, थोडा रबराचा, आणि खाली काहीतरी मऊ, आंबूस. मला वाटायचं, पुण्याचा वास असा असतो. अंथरुणात असलं काही सापडलं तर मामी घर डोक्यावर घेणारी बाई. तिनं सकाळी वळकटी गुंडाळताना तो पाहिला, आणि पुन्हा होता तिथं ठेवला.

पुढच्या वर्षी अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. जूनमध्ये मामी मला हाताला धरून शाळेत घेऊन गेली आणि आठवीत नाव घालून आली. मग नववी, दहावी. मग कोरेगावला कॉलेजात जायला एसटीचा पास. भांडी घासायला ठेवलेल्या पोरीला कुणी पास काढून देत नाही, हे मला तेव्हा सुचायला हरकत नव्हती. पण 'तसं म्हणा' हे दोन शब्द माझ्या कानात असे बसले होते की बाकी काही आत शिरायला वाट नव्हती. मी मामीचं सगळं ऐकायचे आणि मोजकं बोलायचे. तिनंही कधी जास्त मागितलं नाही. तांबे मी लग्न होईपर्यंत घासले. हात कधी अडकला नाही.

अण्णा माझ्या लग्नाला आले, पाहुण्यासारखे आले, अहेर करून गेले. त्यांच्याबरोबर माझा भाऊ होता, सावत्र. नऊ-दहा वर्षांचा, लाजरा मुलगा. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तो सगळ्या पंगतीत खाली मान घालून जेवला, आणि त्याच्या पानात पाणी सांडलं.

मी कऱ्हाडला आले. मुलगी झाली. मला दूध कमी, म्हणून बाटली आली आणि बाटलीबरोबर तिचा ब्रशही आला. माझा जुना केव्हाच कुठंतरी गेला होता. हा थोडा लहान होता, पण तसाच, पिळलेल्या तारेचा, पांढऱ्या केसांचा. दिवसातून कितीदा तरी बाटली धुवायची, ब्रश खिडकीत उभा करायचा. एका दुपारी पोरगी नुकतीच झोपली होती. मी तो खिडकीतून उचलला. सुकलाय का बघायला म्हणून नाकाशी नेला.

साबण. थोडं रबर. आणि खाली मऊ, आंबूस.

पुणं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं होतं.

मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. लग्नाच्या पंगतीतला तो लाजरा मुलगा आठवला, आणि त्याच्या वयाचा हिशोब माझा मलाच लागला. त्या वैशाखात तो बाटलीवर होता. नवाच म्हणायचा, घरात होता. बाई ठेवणं परवडतं का. पहिलं एक वर्ष घरात रमू दे. एकेक शब्द येऊन समोर बसला. आणि घमेल्यात दोन्ही हात घालून बसलेली मामी. तिनं एकदा हुंगला होता, थांबून पुन्हा हुंगला होता.

पुढच्या महिन्यात मी पोरीला घेऊन रहिमतपूरला गेले. मामी आता वाकली होती. नातीला मांडीवर घेऊन तिनं आधी तिचं डोकं हुंगलं. मी विचारलं, मामी, अण्णांनी तो ब्रश आणला होता, त्याला दुधाचा वास येत होता ना?

मामी पोरीची बोटं एकेक करून उलगडत होती. "माझं नाक तवा चोंदल्यालं होतं," ती म्हणाली.

"तू अण्णांना तसं बोललीस. मला ठेवलीय म्हणून."

"मग काय बोलू? तुझ्यादेखत?" तिनं पोरीची मूठ पुन्हा मिटली. "बाप हाय तुझा. त्यापरीस मी वंगाळ झालेली बरी." मग लगेच, "भात उतरीव जा, लागंल."

त्याच्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. भात लागला नव्हता, मी भगोणं उतरवून उगीच चुलीपुढं बसून राहिले.

मामी गेली त्याला आता काही वर्षं झाली. तेराव्याला सगळे जेवून पांगले. तिच्या मुली आपापल्या गावाला निघून गेल्या. मी एक दिवस मागं राहिले. भाड्याचा धंदा केव्हाच बंद पडला होता, पण परसदारच्या खोलीत भांडी होती, अंधारात, उपडी घातलेली. मामा मला म्हणाला, तुला काय पायजे ते ने. मी पंगतीतला एक तांब्या घेतला, ठिपक्यांचं 'वेळापुरे' असलेला. शेजारी फळीवर एक वेगळा होता, मामाच्या आईचा, देवाच्या पाण्याचा. तो कधी भाड्यानं गेला नव्हता. घडण तीच, पोट तेवढंच. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा मला काहीतरी खटकलं, काय ते कळेना.

मामाला पाणी हवं होतं. मी पंगतीतल्याच तांब्यात पाणी भरून आणलं आणि त्याच्या पेल्यात ओतलं. भस्सकन पाणी आलं. निम्मं पेल्यात, निम्मं त्याच्या धोतरावर. मी फडकं आणायला उठले.

"सांडू दे," मामा म्हणाला, आणि एकटाच हसला. "ती बी आसंच म्हणाली हुती."

मी थांबले.

"तुझा हात अडकला बघ त्या साली. मला म्हणाली, समद्या तांब्यांची तोंडं रुंद करा. मी म्हटलं, आगं, घाट मोडतो. पंगतीत पाणी सांडंल, गिऱ्हाइक नावं ठेवंल. म्हणाली, सांडू दे." मामानं पेला दोन्ही हातांनी धरला. "म्हणाली, एकदाच करा, पण पोरगीचं लगीन हुईस्तवर पुरली पायजेत."

मी दोन्ही तांब्यांकडं पाहिलं. आता दिसत होतं. एकाचा गळा अवघडून उभा, आणि दुसऱ्याचं तोंड मोकळं, कडेला हातोड्याच्या बारीक बारीक खुणा.

"मग त्यात मामीचाच हात गेला असता की," मी म्हणाले. "त्या दिवशी अण्णा म्हणाले असते, तुम्हीच घाला हात, तर?"

"म्हणून तर बसली हुती चिंचंत हात घालून," मामा म्हणाला. "दाजी गेल्यावर बघितलं मी. कातडं सोललं हुतं."

तो पाणी प्यायला आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला. परसात ऊन उतरत होतं. घमेलं भिंतीशी उभं होतं, कोरडं.

मी देवाच्या तांब्यात हात घालून पाहिला. सांध्यांपाशीच अडला. मग तो खाली ठेवला आणि दुसरा घेतला. माझे हात आता मामीसारखेच झालेत, मनगट भरलंय, बोटं जाड झालीत. हात घातला. बांगड्यांसकट गेला.

आत गार होतं. मी बोट वाकवलं, काखेतून सगळीकडं नीट फिरवलं, आणि बाहेर काढून उजेडात धरलं.

स्वच्छ होतं. दाखवायला कुणी नव्हतं.